जर

आठव्या दिवशी कुरडई शिंकली.
पाथर्डी फाट्याच्या या भाड्याच्या घरात
अजून कुठलं बटण कुठल्या दिव्याचं, तेही हाताला ठाऊक नव्हतं.
खोके बांधलेलेच.
बाहेर काढलेलं फक्त चहाचं पातेलं
आणि तिची टोपली.

सकाळी तिचा डावा डोळा चिकटलेला,
दुपारी उजवाही,
आणि माझ्या खालच्या ओठाला जर फुटलेला.

डॉक्टर खैरनारांनी तिच्या डोळ्यात रंगाचा थेंब टाकून
टॉर्च मारला, जखम नाही म्हणाले.
मग माझ्या ओठाकडे बघून हसले :
भाऊबंद आहेत दोघं.
तुमचा तिला लागत नाही, तिचा तुम्हाला नाही,
पण खोड तीच.
एकदा शिरला की जात नाही.
नसांच्या मुळाशी गपगुमान पडून राहतो
आणि घरात काही हललं की उठतो.

घरात काय हललं, ते त्यांनी विचारलं नाही.
मी थेंबांची बाटली पर्सच्या त्या कप्प्यात टाकली
जिथे सिडकोतल्या घराची किल्ली
परवापरवापर्यंत वाजायची.

तर आता हे असं.
पाणी उकळायचं, कोमट होऊ द्यायचं.
कापसाचा बोळा नाकाकडून बाहेरच्या बाजूला,
या डोळ्याचा त्या डोळ्याला नाही.
ओढायचं नाही. भिजू द्यायचं.
खपली आपण होऊन सोडते,
तोवर हात स्थिर ठेवायचा, बास.
हे मला एकेचाळिसाव्या वर्षी कळलं,
तेही मांजरामुळे.

पारा आठवर. तिकडे पिंपळगावला
द्राक्षांच्या बागांत रात्री शेकोट्या पेटवल्या असतील.
इथे मी गिझरचा नळ सोडते,
बादली पालथी घालून बसते,
मांडीवर टॉवेलात ती, दार लावलेलं.
आरशातून मी हळूहळू पुसली जाते.
तिचं नाक आधी शिट्टी वाजवतं, मग फुरफुरतं,
मग एक सणसणीत शिंक माझ्या गाऊनवर,
आणि मग
हवा आत जाताना ऐकू येते.

समोरच्या वत्सलाबाई बोरस्ते निलगिरीचं तेल घेऊन आल्या.
दोन थेंब टाका वाफेत, आमच्या नातवाला याच्यानेच उतार पडला.
मी म्हटलं, मांजराला ते विष असतं.
त्यांचा चेहरा पडला. बाटली पदराखाली गेली.
दुसऱ्या दिवशी वाटीभर चिकनचं पाणी,
बिनमिठाचं, बिनकांद्याचं, बिनलसणाचं.
नातवाला मोबाईलवर शोधायला लावलं, म्हणाल्या,
आणि माझ्या ओठाकडे बघून :
तुम्ही जेवलात का?

भूक मेलेली नसते. वास मेलेला असतो.
वास नसला की समोरचं ताट
नुसती एक वस्तू.
सिडकोत शेवटचं वर्षभर मी कशी जेवले
ते आठवून वाटी मी पुन्हा गरम केली,
मनगटावर थेंब टाकून पाहिला,
बोट तिच्या तोंडाशी नेलं.
तिने तोंड फिरवलं.
रात्री दीडला पुन्हा.
पहाटे चारला तिची जीभ
काचपेपरासारखी बोटावरून फिरली, एकदाच,
आणि मी त्या अंधारात
कुणाला सांगावं म्हणून इकडेतिकडे बघितलं.

आवाज चढवायचा नाही, डॉक्टर म्हणाले होते,
तिला सोसत नाही.
म्हणून त्याचा फोन आला तेव्हाही चढवला नाही.
नवल म्हणजे, त्यानेही नाही.
गॅसच्या कनेक्शनचं विचारत होता.
मागे कुरडई शिंकली,
तर म्हणाला, अजून शिंकते का गं?
मी म्हटलं, अधूनमधून शिंकणारच.

मी विचारलं होतं, जर पुन्हा उठला तर?
जर-तर नाही, उठेलच, खैरनार म्हणाले.
पण दर वेळी तुम्हाला आधी कळेल.

येताना कापसाचा मोठा गुंडा आणला.
खोके सगळे फोडले, एक सोडून.
त्याच्यावर ती झोपते, कुरडईसारखीच गोल,
नाक शेपटीत खुपसून, किंचित घोरत.
त्यात काय भरलंय ते आठवत नाही.
हिवाळाभर तरी
त्याची गरज पडेलसं वाटत नाही.